पुढच्या चिरेवरचं भांडण

भावजी, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे जे बोलायला उभे राहिले, त्या सगळ्यांनी तुम्हाला शांत, समजूतदार आणि कधी कुणाला उलटून न बोलणारा माणूस ठरवलं. मी मागं चटईवर बसून ऐकत होते. थोड्या वेळानं मला शंका आली की आपण दुसऱ्याच कुणाच्या मांडवात तर बसलो नाही. मान उंच करून फोटो बघितला तर तुम्हीच होता. फोटोतसुद्धा तुमचा उजवा हात थोडा उचललेला आहे, समोरच्याचं म्हणणं खोडून काढायच्या बेतात.

धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, तुम्ही पण दोन शब्द बोला." मी म्हटलं, माझं आणि त्यांचं दोन शब्दांत कधी भागलं नाही, आणि जे शब्द झालेत ते भंतेजींसमोर काढण्यासारखे नाहीत. म्हणून आता घरी बसून लिहिते आहे. इथं तुम्हाला मध्येच तोंड घालता येणार नाही, एवढा एक फायदा.

तुम्ही बुटांच्या किती डाय, म्हणजे धातूचे साचे, घडवल्या, किती पोरांना हाताखाली तयार केलं, ते लोकांनी सांगून झालंय. मला फक्त त्या बर्फावरच्या बुटाचं बोलायचं आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये तेव्हा पावसाळी गमबुटांचं काम चालायचं. तुम्ही डाय करायचे, तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, मोल्डिंग मशीनवर असायचे, आणि मी कोपऱ्यात शिलाई मशीन टाकून अस्तरं शिवायची. त्याच्या आधी मी शिवाजी पेठेतल्या फुटबॉलच्या पोरांचे फाटके बूट शिवून द्यायचे. त्यामुळे माणसाच्या घोट्याबद्दल आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी पन्नाशीला टेकलेली, आणि जगातलं शिकण्यासारखं सगळं शिकून झालंय, आता लोकांना सांगायचं तेवढं राहिलंय, अशा थाटात फिरणारी. ती बाई आज दारात आली तर मी तिला चहा देईन, पण बस म्हणणार नाही.

पुण्याचे ते व्यापारी पिशवीतून बूट घेऊन आले तो दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा नीट आठवत असणार. त्यांनी तो टेबलावर ठेवला तेव्हा कळशी ठेवल्यासारखा आवाज झाला. निळं, जाड, टणक प्लॅस्टिक, नडगीच्या निम्म्यापर्यंत. खालचं कवच वेगळं आणि नडगीला धरणारी नळी वेगळी, दोन्ही घोट्यापाशी रिव्हेटनं जोडलेली. वर चार बक्कलं. आत काढता-घालता येईल असा एक मऊ बूट. शेडमध्ये एवढं लहान पाऊल माझंच, म्हणून मी तो पायात चढवला, बक्कलं आवळली आणि सवयीनं उकिडवी बसायला गेले. आपल्याकडं कुठलंही नवं पायताण असंच बघतात, बसून आणि उठून. मी बसलेच नाही. अख्खीच्या अख्खी मागं कलले. ह्यांनी दंड धरला म्हणून वाचले.

"हे पायताण हाय का घागर?" मी म्हटलं. "ज्यात उकिडवं बसता येत न्हाय ते घालायचं कशाला?"

व्यापारी हसले. "ताई, हे बसायला नाहीच," म्हणाले, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. युरोपातल्या डोंगरांत लोक एका लांब फळीवर दोन्ही पाय आडवे बांधतात आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येतात. वळायचं असलं की फळी एका अंगावर कलती करायची, म्हणजे तिची कड बर्फात रुतते. नडगीनं बुटाला रेटायचं आणि बुटानं तो रेटा थेट कडेपर्यंत पोचवायचा. बूट मऊ असला तर रेटा मध्येच जिरतो. पण मऊ बूट चालायला बरे, स्वस्तही, म्हणून बहुतेक सगळे तिकडं वळले, आणि हा टणक बूट करणाऱ्या कारखान्यानं ते काम बंद केलं. व्यापाऱ्यांच्या ओळखीची तिकडची एक बाई आणि तिच्या बरोबरचे थोडे लोक मात्र अजून टणक बुटावरच अडून बसले होते. त्यांच्याकडचे जुने बूट एकेक करून तडकत चालले होते.

तुम्ही तेवढ्या वेळात बुटावरची नजर काढली नव्हती. "म्हंजे कुदळीचा दांडा की," तुम्ही म्हणालात. "दांडा लवला तर कुदळ मातीत जाईत न्हाय."

"अगदी बरोबर," व्यापारी म्हणाले.

"पाय म्हंजे दांडा न्हवं," मी म्हटलं.

आपलं भांडण सुरू झालं ते तिथं. माझं म्हणणं साधं होतं. बाजूनं बूट पोलादासारखा असू दे, कड दाबायला तेच हवं. पण गुडघा वाकला की नडगी पुढं जाणारच, मग पुढून त्यानं थोडं लवायला नको का? तुम्ही म्हणायचे, कडक म्हंजे कडक. पुढनं लवणारं आनि बाजूनं न लवणारं प्लॅस्टिक कुटं मिळत असंल तर मला आनून द्या. तुमचंही खोटं नव्हतं. भिंत एकच, ती दोन्हीकडं सारखीच वागणार.

खर्चाच्या बाबतीत मात्र तुम्ही जे डोकं चालवलंत त्याचं कौतुक मी तेव्हाही केलं होतं, तुमच्या माघारी. त्या कारखान्यानं हे काम का बंद केलं ते तुम्ही ह्यांना खडूनं जमिनीवर काढून दाखवलं होतं. कवचाची डाय वेगळी, नळीची वेगळी, डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. आत बुटाचा जो आकार बसवायचा तो टाचेकडं फुगलेला, म्हणजे प्लॅस्टिक गार झाल्यावर तो अख्खा निघायचा नाही, तुकड्यांत करावा लागायचा. हे सगळं पोलादात, आणि प्रत्येक मापाला पुन्हा पहिल्यापासून. हा खर्च निघालेल्या बुटांवर वाटायचा असतो. गमबूट ढिगानं निघतात, तिथं डायचा खर्च चहातल्या साखरेसारखा विरघळून जातो. इथं चहाच बशीभर.

तुम्ही म्हणालात, पोलाद नकोच. थोडेच बूट काढायचेत तर डाय जन्मभर टिकायची गरज काय? लाकडाचा पॅटर्न करायचा, आपल्या गावच्या फौंड्रीत अ‍ॅल्युमिनियमची ओतून घ्यायची, घासूनपुसून घ्यायची. आणि कवच एकाच मापाचं. लहानमोठ्या पायाचा फरक आतल्या अस्तरानं भरून काढायचा. "अस्तर वयनी बघतील," तुम्ही म्हणालात, माझ्याकडं न बघता. मी पण न बघता मान हलवली. त्या दिवशी मी किती फुगले होते ते तुम्हाला कळलं नाही, हे बरं झालं.

पुढच्या महिन्यात मलकापूरला एका लग्नात मी नवरीच्या आईला बर्फावरच्या बुटाविषयी सगळी माहिती दिली. मी तोवर बर्फ पाहिला होता तो सरबताच्या गाड्यावर. त्या बिचारीची मुलगी सासरी निघाली होती आणि मी तिला सांगत होते की कड नीट रुतली नाही तर माणूस दरीत जातो. तिनं डोळे पुसले. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम.

पण तुमच्यासाठी ती थट्टा नव्हती. तोपर्यंत तुम्ही ज्या डाय केल्यात त्या सगळ्या कुणाच्या तरी नमुन्यावरून. गिऱ्हाईक बूट आणून टाकायचं, तुम्ही हुबेहूब तसाच काढून द्यायचे. ह्या एका कामात जाडी तुमची, धातू तुमचा, युक्ती तुमची. नवं मशीन घ्यायला बाजूला ठेवलेली रक्कम तुम्ही ओतकामात घातलीत तेव्हा हे जरा कुरकुरले. तुम्ही म्हणालात, "दादा, मशीन पुन्ना हुईल." एवढंच.

पहिला जोड निघाला तो काळा, कारण प्लॅस्टिकचा दाणा काळाच मिळाला. मग तुम्ही आम्हाला बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेलात. मे महिन्यातली दुपार. लाद्या जोडून मांडलेल्या, त्यावर एक फळी, फळीवर माझे दोन्ही पाय आडवे आवळलेले, साडी गुडघ्याशी खोचलेली. लाद्या वाहणारे हमाल काम टाकून भोवती उभे राहिले.

"मावशी, नवस फेडताय काय?" एकानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं, "ह्या पावण्याला अक्कल आली म्हंजे फिटला."

तुम्ही लादीखाली पहार घालून एक टोक उचललंत. मी दोन हात घसरले असेन, मग फळी एकीकडं आणि मी भुशात. तुम्ही धावत आलात आणि आधी बुटापाशी बसलात.

"रिव्हेटला काय झालं न्हाय," तुम्ही समाधानानं म्हणालात.

"आनि मला?"

"तुमाला काय हुतंय."

मग ते बूट तुम्ही कारखान्याच्या हौदात गारठत ठेवलेत आणि बाहेर काढून दगडावर आपटलेत. घोट्याच्या रिव्हेटपाशी केसाएवढी रेघ उमटली. कोल्हापुरात जे प्लॅस्टिक पायाखाली लवतं तेच गारठलं की काचेसारखं होतं, हे आपण त्या दिवशी बघितलं. तुम्ही दाणा बदललात, घोट्याभोवती जाडी वाढवलीत. पुढच्या खेपेला रेघ आली नाही. पण बूट आणखी कडक झाला, आणि तो घालून गुडघा वाकवून वाकवून माझ्या नडगीवर पुढून निळा पट्टा उठला. मी तो तुम्हाला दाखवला. म्हटलं, पाऊल आणि नडगी जिथं मिळतात तिथं कवचाला पुढून एक चीर द्या. बाजूला हात लावू नका. पुढून उघडेल, बाजूनं उघडणार नाही.

"चीर पाडली की ताकद गेली."

"ताकद बाजूला पायजे, फुडं न्हवं."

"वयनी," तुम्ही म्हणालात, "तुमी अस्तर शिवा."

मग मी तुमच्याशी बोलणं टाकलं. एका शेडमध्ये, एका छपराखाली, हाताच्या अंतरावर. मी म्हणायची, "अहो, त्यांना सांगा, फोम संपलाय." तुम्ही म्हणायचे, "दादा, वयनीला सांग, सोमवारी येतोय." ह्यांनी सुरुवातीला प्रत्येक निरोप इकडून तिकडं नेला. मग कंटाळून दोन्हीकडं नुसतं "हं" म्हणायला लागले. पन्नाशीची बाई आणि चाळिशी ओलांडलेला गडी, लहान पोरं लाजतील असे आपण वागत होतो. मला तेव्हा त्यात फार मोठा बाणा वाटायचा.

त्याच दिवसांत चामड्याचा एक तुकडा कापताना मला सुचलं. चामड्याला चीर दिली की ती चालताना पुढं पुढं फाटत जाते, म्हणून आपण तिच्या टोकाला गोल भोक पाडतो. फाटणं तिथं अडतं. चपला करणाऱ्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी ह्यांना हाक मारली. "त्यांना सांगा, चिरेच्या टोकाला भोक पाडायचं. मग तडा फुडं जाईत न्हाय."

"हं," हे म्हणाले.

नमुन्याचा जोड त्या बाईकडं गेला, न चिरलेलाच. पावसाळा संपता संपता व्यापारी परत आले. त्या बाईनं तिकडच्या बारमाही बर्फावर घालून बघून कळवलं होतं की बाजूनं इतका पक्का बूट तिनं आजवर घातला नव्हता. कड दाबली की फळी लगेच वळते. पण पुढून फार कडक, दुपारपर्यंत नडगी ठणकते. पुढून थोडं लवणार असेल तर ती घेणार, तिच्या बरोबरचे सगळे घेणार. मी मशीनवरून मान वर केली नाही, पण पाय थांबवला होता.

तुम्ही म्हणालात, "जमनार न्हाय."

"अहो, थोडी चीर द्या. नाहीतर ती म्हणते, मीच इकडं कापून घेते," व्यापारी म्हणाले.

"मग तर न्हायच. त्यो जोड माघारी मागवा."

व्यापाऱ्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी मशीनकडं. दारात आलेलं काम, ओतलेली डाय, घातलेले पैसे, सगळं तुम्ही चार शब्दांत मोडीत काढलंत. मला वाटलं, माझी चीर आहे म्हणून. वयनीचं ऐकावं लागेल म्हणून हा माणूस घर बुडवायला तयार आहे. जोड माघारी आला तेव्हा तुम्ही तो करवतीनं कापून टाकलात. डाय वितळवलीत आणि त्याच धातूत गमबुटाची नवी ओतून घेतलीत. नवं मशीन यायला मग बरीच वर्षं लागली.

दिवाळीत आपण पुन्हा बोलायला लागलो, कसे ते आठवत नाही. बहुतेक चिवड्यात मीठ जास्त झालं होतं आणि तुम्हाला ते सांगायचा मोह आवरला नाही. बुटाचा विषय तुम्ही परत कधी काढला नाहीत. मी मात्र सोडला नाही. दहा-एक वर्षं, पाहुणे असोत नसोत, मी ऐकवत राहिले. ह्यांनी माझा निरोप दिला असता, टोकाला भोक पाडलं असतं, तर आज आपले बूट युरोपात असते. हे भाकरी मोडत राहायचे. तुम्ही म्हणायचे, "व्हय वयनी, ऱ्हायलंच की ते." इतक्या सरळपणे म्हणायचे की मला भांडायलाही जागा उरायची नाही. तुम्हाला उशिरा का होईना पटलंय, असं मी धरून चालले. तुमच्या हाताखालच्या पोरांनाही मी ती गोष्ट सांगितली होती. ती पोरं तुमच्याकडं बघून हसायची, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचे.

परवा मांडव उतरवला तेव्हा मी पुन्हा तेच बोलले. माणूस गेल्यावर तरी तोंड आवरावं, पण सवय. ह्यांना म्हटलं, "एक निरोप तुमच्याच्यानं दिला गेला न्हाय. त्यांची हौस राहिली."

हे चटया गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळताच म्हणाले, "दिलता की. त्याच दिवशी दिलता."

"मग?"

"मग काय. त्यानं दोन कवचांना चीर पाडली, टोकाला भोक पाडलं आनि बर्फाच्या कारखान्यात नेऊन गारठवली. मी हुतो की संगं. आपटून बघितली. एक टिकलं. दुसरं त्या भोकापास्नंच उकललं, रिव्हेटपर्यंत."

मी चटईवरच बसले. "आनि हे मला सांगितलं न्हाय?"

"त्यो म्हनला, सांगू नको. येकदा हे कळलं की वयनी पुन्ना कायबी सुचवायच्या न्हाईत."

"एक टिकलं हुतं की पण."

"मी बी तेच म्हनलं. म्हनलं, टिकनारं धाड. तर म्हनला, दादा, हितली थंडी मला ठावं हाय, तितली न्हाय. दोनात एक उकलतंय. आनि त्या बाईचं पाऊल वयनीएवढंच हाय."

एवढं बोलून हे चटया ठेवायला गेले. दहा वर्षांत मी ह्यांच्या तोंडून एका वेळी एवढं ऐकलं नव्हतं.

मी तिथंच बसून होते. धाकटी विचारून गेली, पाणी देऊ का. मी नको म्हटलं. भावजी, मला रडू आलं नाही, उगाच लिहिणार नाही. मी हिशेब लावत होते की एवढ्या वर्षांत तुम्ही कितीदा माझ्यासमोर ताटावर बसला असाल, मी कितीदा त्या भोकाचा विषय काढला असेल, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला मला गप्प करायला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही, ज्यांना भाजीतलं मीठ पोटात ठेवता यायचं नाही. मी वाढलेलं खाऊन, माझंच शहाणपण ऐकून, हात धुऊन उठायचे. आणि त्यानंतर शेडमध्ये अस्तराचा काही प्रश्न आला की मलाच हाक मारायचे, "वयनी, ह्ये कसं करायचं?" मी सुचवायची. खूप सुचवायची. त्यातलं किती चाललं आणि किती तुम्ही गुपचूप कापून टाकलंत, ते आता ह्यांना विचारायचं धाडस मला नाही.

म्हणून त्या दिवशी लोक बोलत होते ते मी पुन्हा आठवून पाहिलं. शांत, समजूतदार. मला अजूनही तो माणूस ओळखीचा वाटत नाही. पण असेल.

रात्रीची भाकरी वाढताना एवढं मात्र मी ह्यांना विचारलं, की भोक केवढं पाडलं होतं. हे आठवत बसले. मग बोटांनी दाखवलं, खिळ्याएवढं. भावजी, खिळ्याएवढं भोक चामड्यालाही पुरत नाही, ते तर प्लॅस्टिक होतं, आणि गारठलेलं. करंगळी जाईल एवढं लागतं. निरोप कळला होता तर दोन पावलं येऊन मला विचारायचं होतं.